कलाटणी कापून टाकली तर काय उरतं? श्यामलनच्या सिनेमांची उतरंड

सावधान, खाली जवळजवळ सगळे शेवट फोडले आहेत. 'द सिक्स्थ सेन्स' अजून पाहिला नसेल तर आधी तो पाहून घ्या.

दिग्दर्शक एम. नाइट श्यामलनच्या सिनेमांची क्रमवारी लावायला बसलं की बहुतेक जण धक्का मोजतात. ज्या शेवटाला तोंडाचा आ झाला तो वर, जो आधीच कळला तो खाली. पण धक्का एकदाच बसतो. दुसऱ्यांदा पाहताना शेवट ठाऊकच असतो, मग पावणेदोन तास पाहायचं काय? म्हणून इथली कसोटी वेगळी आहे. सिनेमाची शेवटची दहा मिनिटं मनातल्या मनात कापायची आणि बघायचं, उरलेली गोष्ट आपल्या पायावर उभी राहते का. मग ती दहा मिनिटं परत जोडायची आणि बघायचं, मागच्या प्रसंगांचा अर्थ पालटला की नुसती एक माहिती हाती आली. दोन्ही चाळण्यांतून धडपणे पार होणारे त्याचे सिनेमे एका हाताच्या बोटांवर मोजता येतात.

'द लास्ट एअरबेंडर' आणि 'आफ्टर अर्थ' या यादीत नाहीत. ते रहस्यपट नाहीत, आणि त्यांच्यावर आणखी बोलून कुणाचं भलं होणार नाही. 1992 आणि 1998 साली आलेले त्याचे पहिले दोन सिनेमेही त्याच कारणाने बाहेर.

पहिला नंबर 'अनब्रेकेबल'चा (2000). डेव्हिड डन हा फिलाडेल्फियातल्या एका स्टेडियमवरचा सुरक्षारक्षक. रेल्वे अपघातात सगळे जातात, हा एकटा वाचतो, तोही अंगावर ओरखडा न उमटता. मग एलायजा प्राइस त्याला गाठतो. एलायजाची हाडं जन्मापासून काचेसारखी तडकणारी, धंदा कॉमिक्सची मूळ चित्रं विकण्याचा. त्याचं म्हणणं एवढंच, की मी या टोकाला आहे तर दुसऱ्या टोकाला कुणीतरी असलाच पाहिजे. आता शेवटचं हस्तांदोलन कापा. नवरा-बायकोचं तुटत आलेलं नातं सांधलं गेलंय, पेपरातलं चित्र मुलापुढे सरकवून बापाने ओठांवर बोट ठेवलंय. गोष्ट पुरी झालेली आहे. परत जोडा: तो अपघात, आणि त्याआधीचे आणखी काही, एलायजानेच घडवलेले. म्हणजे ज्याला आपण शोध समजत होतो तोच गुन्हा होता. हे कोड्याचं उत्तर नाही. आधीच्या प्रत्येक संवादाला दुसरी बाजू होती हे इथे कळतं. दुसऱ्यांदा पाहताना एलायजा 'मी वाट पाहत होतो' अशा अर्थाचं काहीही बोलला की अंगावर काटा येतो.

लपवाछपवी कशी केली आहे तेही बघण्यासारखं आहे. प्रदर्शनात एलायजाची आई डेव्हिडला खलनायकाचे दोन प्रकार समजावून सांगते, हाताने लढणारा आणि डोक्याने लढणारा. उत्तर तिथेच, भर उजेडात ठेवलेलं. फक्त ते कॉमिक्सबद्दलचं ज्ञान म्हणून येतं, त्यामुळे कुणी उचलत नाही. एलायजा वारंवार काचेत, आरशात, बंद टीव्हीच्या पडद्यात दिसतो. छायालेखक एद्वार्दो सेरा यांनी रेल्वेगाडीतला सुरुवातीचा प्रसंग पुढच्या दोन सीटांच्या फटीतून घेतला आहे. कॅमेरा या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर डुलतो, कट नाही. अपघात पडद्यावर दाखवलेलाच नाही. सिनेमाचा एकच डाग म्हणजे शेवटी पडद्यावर उमटणारी अक्षरं: डेव्हिडने पोलिसांना कळवलं, एलायजाची रवानगी मनोरुग्णांच्या संस्थेत झाली, वगैरे. एलायजाच्या चेहऱ्यावर थांबायला हवं होतं. ही दोन वाक्यं कुणीतरी जेवण झाल्यावर ताट पुसून घ्यावं तशी येतात.

'द सिक्स्थ सेन्स' (1999) दुसरा. अनेकांना हे पटणार नाही. पण कारागिरीत तो कुणाच्याही मागे नाही, म्हणून त्याच्यावर थोडं जास्त थांबू. खर्च 4 कोटी डॉलर, जगभरातून जमा 67 कोटींच्या वर, ऑस्करची सहा नामांकनं आणि पुरस्कार शून्य. त्यातलं एक नामांकन संकलनाला होतं, आणि ते सगळ्यात रास्त होतं, कारण ही कलाटणी कात्रीवर उभी आहे.

गोष्ट बालमानसतज्ज्ञ माल्कम क्रो आणि मेलेली माणसं दिसणारा मुलगा कोल यांची. माल्कम स्वतःच मेलेला आहे हे लपवायला काही नियम काटेकोर पाळले आहेत. कोल सोडून कुणीही त्याच्याशी बोलत नाही. माल्कमने एखादी वस्तू हलवली आणि ते दुसऱ्याने पाहिलं, असं कुठेही होत नाही. त्याच्या अंगावर तेच कपडे दिसतात जे गोळी लागली त्या रात्री त्याने घातले होते किंवा हाताळले होते; फक्त कधी कोट आहे, कधी नाही, म्हणून आपल्याला ते बदलल्यासारखे वाटतात. आणि महत्त्वाचं म्हणजे प्रसंगात उशिरा शिरायचं. कोल शाळेतून घरी येतो तेव्हा माल्कम आणि कोलची आई समोरासमोर बसलेले असतात. आपण धरून चालतो की आत्तापर्यंत त्यांचं बोलणं चाललं असणार. तळघराचं दार कुलूपबंद आहे, माल्कम खिसे चाचपतो, कट, तो आत. किल्ली मिळाली असणार, असं आपणच ठरवतो. शेवटी त्या दारासमोर ठेवलेलं टेबल दिसतं तेव्हा कळतं की ते दार उघडण्याचा प्रश्नच नव्हता. लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण तर वस्तुपाठ आहे: तो उशिरा येतो, माफी मागतो, ती वर बघत नाही, बिल तीच उचलते. रुसलेली बायको! चौकट इतकी ओळखीची आहे की शंकेला जागाच राहत नाही.

उरलेली भोकं बुजवायला पटकथेत एक वाक्य पेरलंय, कोलच्या तोंडी: मेलेल्यांना आपण मेलोय हे ठाऊक नसतं, त्यांना जे बघायचंय तेवढंच दिसतं. हे वाक्य येतं तेव्हा कॅमेरा माल्कमच्या चेहऱ्यावर आहे. एवढं धाडस पुढच्या पंचवीस वर्षांत श्यामलनने फार कमी वेळा केलं. लाल रंगाची खूणही तशीच. दाराची मूठ, फुगा, कोलचा तंबू, मुलीला विष घालणाऱ्या आईचा पोशाख: परलोकाचा स्पर्श झालेल्या जागी लाल, इतरत्र तो शक्यतो टाळलेला.

आणि पहिली चाळणी? कलाटणीच्या आधी गाडीत बसून कोल आईला तिच्या आईचा निरोप सांगतो, आई झालेली टोनी कोलेट रडते, तिथे सिनेमा खरं तर संपलेला आहे. शेवटचा उलगडा हे वरचं माप. मग दुसरा का? दुसऱ्यांदा पाहताना आपण नियम पाळले गेलेत का हेच तपासत बसतो, आणि तिसऱ्यांदा 'हा इतके महिने दिवसभर करत काय होता' असं मनात येतं. 'अनब्रेकेबल' दुसऱ्यांदा पाहताना त्या माणसांबद्दल वाईट वाटतं. हा फरक छोटा नाही.

तिसऱ्या जागेवर 'द व्हिजिट' (2015). स्वतःच्या खिशातले सुमारे 50 लाख डॉलर घालून केलेला छोटा सिनेमा, ओळीने आपटलेल्या मोठ्या बजेटच्या सिनेमांनंतरचा. दोन मुलं कधीही न भेटलेल्या आजी-आजोबांकडे आठवडाभर राहायला जातात. रात्री साडेनऊनंतर खोलीबाहेर यायचं नाही. सगळं मुलांच्याच कॅमेऱ्यातून दिसतं. घरात लॅपटॉप आहे, आईशी व्हिडिओ कॉल होतो, मग आईला हे आजी-आजोबा आधीच कसे दिसत नाहीत? लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर आजीच्या हातून केकचं पीठ सांडलेलं असतं. एवढ्याशा पिठावर कलाटणी तोललेली आहे. मुलगी ते खरवडते, आई बाहेर बघते आणि म्हणते, हे तुमचे आजी-आजोबा नाहीत. दवाखान्यातून चौकशीला येणारी माणसं नेमकी ते दोघं घरात नसतानाच कशी येतात, हेही तेव्हाच उलगडतं. शिवाय हे शेवटच्या क्षणासाठी राखून न ठेवल्यामुळे पुढे पळापळीला भरपूर वेळ उरतो. धाकट्या भावाचं रॅप मात्र सोसावं लागतं.

'साइन्स' (2002) चौथा, आणि याला कलाटणी म्हणणंच चुकीचं आहे. ही जुळणी आहे. मुलीने घरभर अर्धवट पिऊन ठेवलेले पाण्याचे ग्लास, मुलाचा दमा, भावाची भिंतीवरची बॅट, मरणाऱ्या बायकोचे शेवटचे शब्द: चार वस्तू शेवटच्या खोलीत एकत्र येतात. श्रद्धा सोडलेल्या धर्मगुरूची गोष्ट म्हणून ते सुंदर बसतं. परग्रहवासीयांची गोष्ट म्हणून ढासळतं, कारण ज्यांना पाणी बाधतं ते तीन हिस्से पाण्याच्या ग्रहावर उघड्या अंगाने उतरतील कशाला? पण कोठीघराच्या दाराखालून सुरीच्या पात्यात बघण्याचा प्रसंग आणि ब्राझीलमधल्या वाढदिवसाची ती हलती चित्रफीत, या दोन जागी भीती कशी रचायची ते शिकावं. लांबून, क्षणभर आणि अर्धवट.

'द व्हिलेज'वर (2004) लोक अजून चिडलेले असतात, आणि त्यांचं निम्मं बरोबर आहे. रॉजर डीकिन्स यांचं कंदिलाच्या उजेडातलं छायालेखन, हिलरी हानचं व्हायोलिन, आयव्ही उघड्या दारात हात पसरून उभी आहे आणि ल्युशियस येऊन तो धरतो तो क्षण. या तिघांमुळे तो पाचवा आहे. सुरुवातीलाच थडग्यावर 1897 हे साल दिसतं, गोष्ट मात्र शेवटी आजच्या काळातली निघते. प्रेक्षकाशी केलेली ही लबाडी नाही, कारण ती लबाडी गावातल्या ज्येष्ठांचीच आहे; जुना गावगाडा उभा करणारा आयव्हीचा बाप वॉकर विद्यापीठात अमेरिकेचा इतिहास शिकवत होता. आंधळ्या आयव्हीलाच औषधाला पाठवण्यामागेही हिशेब आहे, बाहेरचं जग तिला दिसणार नाही. चुकलं ते क्रमात. जंगलातले राक्षस म्हणजे सोंगं आहेत हे बाप आयव्हीला आधी सांगून टाकतो आणि मग तिला जंगलात धाडतो. भीतीची हवा काढून घेतल्यावर पुन्हा तीच भरण्यासाठी गावातल्या नोआला सोंग चढवून तिच्या मागे लावावं लागतं. दोन कलाटण्यांची जागा उलटी असती तर हा सिनेमा दुसऱ्या नंबरवर असता.

'स्प्लिट' (भारतात 2017) सहावा. एकाच देहात अनेक व्यक्तिमत्त्वं असलेल्या माणसाच्या भूमिकेत जेम्स मॅकअव्हॉय एकट्याने सिनेमा ओढतो आणि 90 लाख डॉलरच्या खर्चावर 27 कोटींपेक्षा जास्त जमा होतात. कलाटणी अजब आहे: शेवटी हॉटेलच्या काउंटरवर डेव्हिड डन, म्हणजे ब्रूस विलिस, दिसतो आणि कळतं की आपण 'अनब्रेकेबल'च्याच जगात होतो. तो सिनेमा पाहिलेला नसेल तर हा प्रसंग म्हणजे एक टकला माणूस कॉफी पितोय, बस. म्हणून आधी 'अनब्रेकेबल' पाहणं सक्तीचं समजा. विभक्त व्यक्तिमत्त्वाच्या रुग्णांना राक्षस ठरवल्याची टीका झाली, ती वाजवी होती.

पुढचे भराभर. 'नॉक ॲट द केबिन'मध्ये (2023) कलाटणी ही की कलाटणी नाही. घरातल्या एकाचा बळी द्या नाहीतर जग बुडेल, असं सांगत दार ठोठावणारे चौघं खरंच बोलत होते. मूळ कादंबरीत मुलगी मरते आणि जग बुडतंय की नाही ते संदिग्ध राहतं. सिनेमाने दोन्ही बदललं, शेवट सोपा झाला, पण डेव्ह बाउटिस्टाचा मवाळ आवाज लक्षात राहतो. 'ट्रॅप'मध्ये (2024) खुनी कोण हे पहिल्या काही मिनिटांतच सांगून टाकलंय, ही उत्तम चाल. जॉश हार्टनेटचा बाप मुलीला मैफिलीला आणतो, आणि अख्खं सभागृह त्याच्यासाठी लावलेला सापळा असतं. जोवर गोष्ट सभागृहात आहे तोवर मजा आहे. बाहेर पडली की सुटलेल्या विणकामासारखी उसवत जाते.

'ओल्ड'चं (2021) गणित रोचक आहे: किनाऱ्यावरचा अर्धा तास म्हणजे एक वर्ष, म्हणजे एका दिवसात 48 वर्षं. मुलं मोठी होताना कॅमेरा माणसांभोवती गरगर फिरून चेहरा उशिरा दाखवतो, हे छान. मग शेवटी औषध कंपनीचं स्पष्टीकरण येतं आणि मृत्यूबद्दलची गोष्ट प्रयोगशाळेची फाइल होऊन बसते. दुसऱ्या चाळणीत नापास, 'नुसती माहिती' या सदरात थेट जमा. 'द हॅपनिंग'मध्ये (2008) झाडं माणसांना मारतायत हा अंदाज लवकर बोलून दाखवला जातो, आणि पुढे वारा सुटला की पळण्यापलीकडे काही उरत नाही. 'लेडी इन द वॉटर'मध्ये (2006) दिग्दर्शकाने जग बदलणारं पुस्तक लिहिणाऱ्या लेखकाची भूमिका स्वतः केली आणि चित्रपट समीक्षकाला पडद्यावर मारून टाकलं. यावर वेगळं काय लिहायचं?

तळाला मात्र 'ग्लास' (2019), कारण इतरांनी स्वतःचंच नुकसान केलं, याने पहिल्या नंबरवरच्या सिनेमाचंही केलं. डेव्हिड, एलायजा आणि 'स्प्लिट'मधला मॅकअव्हॉय या तिघांना एका मनोरुग्णालयात आणलं, अर्धा सिनेमा त्यांच्या शक्ती खऱ्या नाहीत हे पटवण्यात घालवला, जे प्रेक्षकाला मुळातच पटणार नव्हतं. मग एक गुप्त मंडळ काढलं, ज्याचा आधी कुठे मागमूस नव्हता. डेव्हिड डनची दुर्बलता पाणी हे 'अनब्रेकेबल'मध्ये पोहण्याच्या तलावावर पडलेल्या आच्छादनात गुरफटून, श्वास रोखायला लावत दाखवलं होतं. इथे तो दवाखान्याच्या आवारातल्या एका डबक्यात, एका शिपायाच्या हाताखाली मरतो.