दोन किनाऱ्यांच्या बेटाचा नकाशा

भरतीला बेट आणि ओहोटीला मुख्य भूमीचाच एक भाग, अशा एका लहान निर्मनुष्य बेटाचा नकाशा स्वतः मोजमापे घेऊन तयार करायला घेतला, तेव्हा त्याची किनाररेषा कोणती मानायची हाच पहिला प्रश्न पडला, कारण ओहोटीला दिसणारी जमीन भरतीला उरणाऱ्या जमिनीच्या दुपटीहून अधिक होती. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदाविषयक करारानुसार, निसर्गतः तयार झालेला, पाण्याने वेढलेला आणि भरतीतही पाण्याच्या वर राहणारा भूभाग म्हणजे बेट. केवळ ओहोटीला उघड्या पडणाऱ्या जागेसाठी त्यात वेगळी संज्ञा आहे. म्हणून मी नकाशावर दोन्ही रेषा काढायचे ठरवले.

कामासाठी उधाणाचा दिवस निवडला, कारण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी पाणी सर्वांत दूर ओसरते; मात्र तेच पाणी परतताना तितकेच वर चढते, आणि चढण्याच्या साधारण सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मी भरती येते. हे मला ठाऊक होते. तरीही पहिल्या फेरीत माझी चूक झाली. बेटाला किनाऱ्याशी जोडणारा वाळूचा दांडा मधोमध कोरडा दिसत होता, म्हणून मी निश्चिंत राहिलो. प्रत्यक्षात त्याचा सर्वांत सखल भाग किनाऱ्यालगत होता आणि तिथे पाणी आधीच शिरले होते. मांडीभर पाण्यातून, वह्यांची पिशवी डोक्यावर धरून मी परतलो.

दुसऱ्या खेपेला त्या सखल जागी खुणा केलेली काठी रोवली आणि किनाऱ्याकडच्या बाजूला थांबून पाहत राहिलो. लाटा बेटाला वळसा घालून दोन्ही अंगांनी येतात, बेटाच्या आडोशाला एकमेकींना भिडून मंदावतात आणि सोबतची वाळू तिथेच टाकतात. हा दांडा त्यातूनच तयार झालेला. काठीपाशी दोन बाजूंनी आलेल्या पाण्याच्या पातळ पापुद्र्यांची जाळी विणल्यासारखी दिसली आणि थोड्याच वेळात ते एक झाले. ती वेळ टिपून भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून त्या क्षणीची पाण्याची उंची काढली. माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा आकडा, कारण त्यावरून कोणत्याही दिवशी वाट केव्हा बंद होईल याचा अंदाज करता येतो. तरी हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर वर येतो आणि किनाऱ्याकडे वाहणारा वारा त्यात भर घालतो, म्हणून मी एक तास नेहमी हाताशी राखून ठेवत असे.

भरतीची रेषा ठरवणे त्याहून अवघड गेले. खडकावर बार्नॅकलचा, म्हणजे दगडाला घट्ट चिकटून राहणाऱ्या लहान कवचधारी जीवांचा, पांढुरका पट्टा होता, त्याच्या वर दगडफुलाच्या जातीच्या वाढीचा काळा पट्टा, आणि त्याहून वर वाळलेल्या समुद्रशैवालाची ओळ. शैवालाची ओळ दर भरतीला हलते, म्हणून काळा पट्टा धरला; पण समुद्राकडच्या बाजूला लाटांचे तुषार उंच उडत असल्याने तोच पट्टा आडोशापेक्षा बराच वर चढलेला होता. मोबाइलवरील उंचीचे आकडे इतक्या बारीक कामाला उपयोगाचे नव्हते. अखेर गवंडी वापरतात तशी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन, आडोशाच्या शांत पाण्याची भरतीची खूण टप्प्याटप्प्याने बेटाभोवती नेली. याला तीन उधाणे लागली.

बेटाच्या माथ्यावर फारसे मोजण्यासारखे नव्हते. मातीचा थर पातळ, पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून लगेच समुद्रात जाते आणि गोड्या पाण्याचा एकही झरा नाही.

नकाशा पुरा झाल्यावर दांडा तुटक रेषेने दाखवला आणि शेजारी वाट बुडण्याची उंची लिहिली. पुढे एका मोठ्या वादळानंतर पुन्हा गेलो, तेव्हा काठी जागेवर होती, पण तिच्या पायथ्याची वाळू वीतभर खचली होती. तो आकडा खोडून नवा लिहिला आणि त्याखाली तारीख घातली.