वलेटा पायी बघताय? आधी उतार बघा

नकाशात वलेटा बघून आम्ही हसलो होतो. जेमतेम एक किलोमीटर लांबीचं शहर, दोन तासांत पालथं घालू! पहिल्याच दुपारी आईच्या गुडघ्यांनी हात टेकले. माल्टाची ही राजधानी टेकाडाच्या पाठीवर वसलीय. मधला रिपब्लिक स्ट्रीट सोपा, पण आडव्या गल्ल्या दोन्हीकडे पायऱ्या-पायऱ्यांनी समुद्रात उतरतात. १५६५ चा तुर्कांचा वेढा उठल्यावर नाइट्सनी, म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती लढवय्यांच्या पंथाने, पुढच्याच वर्षी हे शहर आखून वसवायला घेतलं. गल्ल्या काटकोनात, त्यामुळे माणूस हरवत नाही, दमतो मात्र.

त्यात तो रविवार, म्हणजे सेंट जॉन्स को-कॅथीड्रल हे इथलं मोठं चर्च पर्यटकांना बंद. चूक आमचीच, वेळा बघितल्या नव्हत्या.

सोमवारी उघडताच तिथे गेलो. आत नजर आधी छताकडे जाते, पण खाली बघा. अख्खी फरशी म्हणजे नाइट्सच्या सुमारे चारशे समाध्या. रंगीत संगमरवरात जडवलेले सांगाडे, कवट्या, ढाली. टोकदार टाचांच्या चपला इथे चालत नाहीत. इटालियन चित्रकार कारावाज्जोचं १६०८ चं संत जॉनच्या शिरच्छेदाचं चित्र वेगळ्या दालनात आहे. त्याने सही केलेलं हे एकच चित्र, आणि सही कुठे, तर जॉनच्या गळ्यातून वाहिलेल्या रक्तात. आई पुटपुटली, "काय बाई हा माणूस!" आणि बाकावरून उठेचना.

मग आम्ही चढ टाळत फिरलो. सिटी गेटपासून उतरत सेंट एल्मो किल्ला, तिथून बंदराच्या अंगाने लोअर बराक्का बाग, व्हिक्टोरिया गेटमधून खाली धक्क्यावर, आणि शेवटचा चढ लिफ्टने. ५८ मीटर उंचीची ही लिफ्ट थेट अप्पर बराक्का बागेत सोडते. दुपारी बाराला आणि चारला तिथल्या तोफा उडतात. वीस मिनिटं आधी कठडा धरा. वेळ असेल तर धक्क्यावरून फेरीबोटीने बंदराच्या पलीकडे, बिर्गू या जुन्या गावाच्या बाजूला जा. बंदरातून वलेटाचे तट जसे दिसतात, तसे वरून दिसत नाहीत.

बूट खडबडीत तळाचे घ्या, झिजलेला चुनखडीचा दगड ओला झाला की घसरतो. तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश अडॅप्टर लागेल. भूक लागली की पास्तिझी: रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण भरलेली, आपल्या बेकरीतल्या पॅटीसची चुलत बहीण. शाकाहारी असाल तर डुकराची चरबी वापरलीय का ते विचारून घ्या. आम्ही तिसरी खाल्ल्यावर विचारलं.