आंब्यावरून पडलेला गडी आणि फुरशाची ट्यूब

मी भूलतज्ज्ञ, कणकवली-कुडाळ पट्ट्यात जिथून फोन येईल तिथे जातो, सिझेरियन, हर्निया, हाडं, सगळंच. एप्रिल-मे म्हणजे झाडावरून पडलेल्यांचा सीझन. हापूस उतरवायला झेला (जाळी लावलेली काठी) हातात, पाय कुठल्यातरी वाळक्या फांदीवर, आणि फांदी गेली की माणूस खाली कातळावर. त्या दिवशीचा गडी असाच, तिशीतला, जेमतेम 55 किलोचा, डाव्या बरगड्यांवर पडलेला. सोनोग्राफीत पोटभर रक्त, स्प्लीन (प्लीहा) फाटलेली, बीपी 70, नाडी 140. बांबोळीला, गोव्याच्या मेडिकल कॉलेजला, न्यायचं तर अडीच तास, म्हणजे सर्जनच्या शब्दांत सांगायचं तर रस्त्यातच संपला असता. तिथेच पोट उघडायचं ठरलं.

टेबलावर आला तोपर्यंत त्याला सहा पाइंट सलाईन जाऊन झालेलं. वाटेतल्या दवाखान्यात काही, गाडीत काही, उरलेलं आमच्या कॅज्युअल्टीत. कुणाला दोष देत नाही, बीपी लागत नसताना हाताशी जे असतं तेच माणूस लावतो. पण हिशोब बघा, 55 किलोच्या माणसाच्या अंगात रक्त असतं पावणेचार-चार लिटर, त्यातलं बरंच पोटात सांडलेलं आणि बदल्यात तीन लिटर मिठाचं पाणी आत गेलेलं. या पाण्यात ना प्लेटलेट, ना फायब्रिनोजन, ना कुठला फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारं काहीच नाही. शिवाय नॉर्मल सलाईनमध्ये क्लोराईड 154, आपल्या प्लाझ्मात साधारण 100, त्यामुळे ढीगभर दिलं की रक्त आंबट व्हायला लागतं, आणि आंबट रक्त नीट गोठत नाही.

केटामाईन-स्कोलिनची भूल दिली, श्वासनलिकेत ट्यूब टाकली. सर्जननी झपाझप स्प्लीन काढली, मुळाशी टाके घेतले, मोठं रक्त थांबलं. हुश्श म्हणेपर्यंत झिरपणं सुरू. एक व्हेसल पकडावी तर तसं काहीच दिसेना, सगळीकडूनच ओलं, जखमेच्या कडा, स्प्लीनची रिकामी जागा, आणि मी शिरेत लावलेल्या व्हेनफ्लॉनच्या नळीभोवतीपण. सक्शनच्या बाटलीत गाठी दिसेनात. सर्जन म्हणाले, बीपी किती? मी म्हणलं 84. ते म्हणाले, वाढव की, स्टार्च लाव एक. ब्रदरनी बाटली हातात घेतलीपण.

मी नाही म्हणलं, आणि इथे आमची थोडी वाजली. हायड्रॉक्सिएथिल स्टार्चनी बीपीचा आकडा झटकन वर येतो हे खरं. पण त्याचे मोठे रेणू फॅक्टर आठ आणि फॉन विलेब्रांड फॅक्टर कमी करतात, प्लेटलेटवर थर देतात, आणि फायब्रिनचं जाळं विणू लागलं की ते पोचट होतं. म्हणजे नुसतं पाणी मिसळण्यापेक्षा वरचढ त्रास. किडनीचा वेगळाच, त्यापायी युरोपात 2022 मध्ये ही औषधं थांबवायची ठरली. आणि 84 मला चालणारच होतं, डोक्याला मार नव्हता, रक्त पूर्ण थांबेपर्यंत 80-90 पुरे. आकडा 110 केला की जी काही कच्ची गाठ धरलीय तीपण उडून जायची.

आता गोठणं खरंच बिघडलंय का हे कळायचं कसं? मोठ्या शहरात टीईजीचं, म्हणजे रक्ताची गाठ कशी धरते ते मोजणारं, मशीन असतं, दहा-पंधरा मिनिटांत आलेख हातात. आमच्याकडे फुरशाची ट्यूब. कोकणात फुरसं आणि घोणस हे साप चावलेल्यांचं रक्त गोठतंय का बघायला काचेची साधी कोरडी ट्यूब ठेवलेली असते, दोन मिली रक्त घालायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच आडवी करायची. काचच लागते हं, काचेच्या स्पर्शानीच गोठण्याची सुरुवात होते, प्लास्टिक चालत नाही, आणि साबणानी धुतलेली ट्यूब तर पार फसवते. भूल देताना ही टेस्ट कुणी करत नाही, पण सिस्टरना सांगितलं कॅज्युअल्टीतून आणा.

ती वीस मिनिटं लांबलचक. सर्जननी मॉप (कापडाच्या घड्या) ठासून दाबून धरलं. मी पाणी जवळजवळ बंद केलं, धरलेली गाठ विरघळू न देणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड एक ग्रॅम सावकाश सोडलं (पडून तीन तासांच्या आत द्यायला हवं, आम्ही वेळेत होतो), टेंपरेचर बघितलं तर 34.2. एसी बंद करायला सांगितला, सगळ्यांना घाम, सर्जनची कुरकुर. पण थंड रक्तात प्लेटलेट आणि फॅक्टर दोन्ही सुस्तावतात आणि ओटीतल्या गार बाटल्या तेच करत होत्या. पुढच्या बाटल्या कोमट पाण्याच्या टबातून.

ट्यूब आडवी केली. गोठलं होतं, पण खरवसासारखं लदलदतं, बोटानी टिचकी मारली तर फुटलं. सर्जन बघून गप्प.

गंमत अशी की पाणी थोडं मिसळलं तर रक्त उलट लवकर गोठू लागतं, कारण गोठणं आवरणारे पदार्थपण पातळ होतात. त्यामुळे पहिल्या लिटरला कुणाला काहीच जाणवत नाही, सगळं छान चाललंय वाटतं. पुढे गेलं की मात्र सगळ्यात आधी फायब्रिनोजन तळाला जातं, प्लेटलेट वगैरे त्यामानानी टिकून असतात. आणि नुसत्या लाल पिशव्या देत राहिलं तरी तेच, पॅक्ड सेलमध्ये म्हणजे लाल पेशींच्या पिशवीत प्लाझ्मा जवळजवळ नसतोच.

ओरोसच्या ब्लड बँकेतून दोन पॅक्ड सेल आलेल्या होत्या, परत फोन करून चार एफएफपी, म्हणजे गोठवून ठेवलेल्या प्लाझ्माच्या पिशव्या, मागवल्या. वितळवायलाच अर्धा तास जातो, वर रस्ता. बाहेर त्याचा भाऊ उभा, "डॉक्टरांनू, आमचो भाव वाचतलो मां?" म्हणलं गाडी घेऊन ओरोसला सुट, पिशव्या घेऊन ये, रस्त्यात कुठे थांबू नको. तो उत्तर न देता पळालाच. पिशव्या आल्या, भराभर सोडल्या, जोडीला कॅल्शियम ग्लुकोनेट, कारण पिशवीतलं सायट्रेट कॅल्शियम धरून ठेवतं आणि कॅल्शियमशिवाय गोठणं अडतं. दुसरी ट्यूब लावली, घट्ट गोळा. मॉप काढले, जागा कोरडी. बीपी आपोआप 100 वर.

ऑपरेशनमध्ये काढून बाहेर पाठवलेल्या सॅम्पलचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, फायब्रिनोजन 94, नॉर्मल 200 ते 400. गडी तोपर्यंत चहा मागत होता.

स्टार्चची बाटली त्या हॉस्पिटलच्या ट्रॉलीवरून गेली. तिच्या जागी सर्जननी जिलेटिन मागवलंय, आणि आमचं भांडण आता त्यावर चालू आहे. मी म्हणतो तेपण गाठ पोचट करतंच, स्टार्चपेक्षा कमी एवढंच, आणि हिमॅक्सेल या जिलेटिनमध्ये कॅल्शियम असतं त्यामुळे रक्ताच्याच लाईनमधून सोडलं तर नळीत गुठळ्या. ते म्हणतात मग देऊ काय, तुझा आरएल (रिंगर लॅक्टेट)? मी म्हणतो आरएलच, पण मोजून.