तोफगोळा खरा कशावरून, आणि आता निकामी झालाय कशावरून?

अमेरिकन यादवी युद्धातले (१८६१–१८६५) तोफगोळे जमवायला लागलेला माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो. हा गोळा खरा आहे का? आणि घरात ठेवला तर फुटणार तर नाही ना? पहिला प्रश्न उत्साहाने येतो, दुसरा हसत हसत. खरं म्हणजे उलट व्हायला हवं. तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींचं उत्तर एकदमच देतो, कारण पहिलं नीट शोधलं की दुसऱ्याचं निम्मं काम आपोआप होतं.

विकणारा सुरुवात गोष्टीने करतो. पणजोबांना शेत नांगरताना मिळाला, वगैरे. गोष्ट ऐकून घ्यावी, पण भाव बोलायच्या आधी वजनकाटा आणि कॅलिपर (व्यास मोजायचा चिमटा) काढावा. लष्करासाठी ओतलेला गोळा दोन कड्यांनी तपासला जाई: मोठ्या कडीतून तो सुटला पाहिजे आणि लहान कडीत अडकला पाहिजे. त्यामुळे खऱ्या गोळ्याचे आकडे ठरलेले असतात. ‘बारा पौंडी’ हे नाव भरीव गोळ्याच्या वजनावरून. बारा पौंडी नेपोलियन तोफेच्या नळीचा आतला व्यास ४.६२ इंच, तिच्या गोळ्याचा ४.५२. सहा पौंडीचा गोळा ३.५८ इंच, चोवीस पौंडीचा ५.६८. कॅलिपर नसेल तर फितीने घेर मोजा, ४.५२ व्यासाला घेर १४.२ इंच यायला हवा. जमिनीतून निघालेल्या गोळ्यावर गंजाचे पोपडे असतात, म्हणून तीन-चार दिशांनी मोजून सगळ्यात कमी आकडा धरा.

मग वजन. गोळे बिडाचे ओतलेले असत. ४.५२ इंचांचा भरीव बिडाचा गोळा साधारण १२.३ पौंड भरतो. तेवढ्याच व्यासाचा पोलादी गोळा मात्र १३.७ पौंडांच्या आसपास जातो. हा सव्वा-दीड पौंडाचा फरक फार कामाचा आहे, कारण बाजारात तोफगोळा म्हणून फिरणाऱ्या बऱ्याच वस्तू खनिज दळायच्या गिरणीतले पोलादी गोळे असतात. त्यांच्यावर घासून झालेले सपाट डागही दिसतात. दुसरा नेहमीचा पाहुणा म्हणजे गोळाफेकीचा गोळा. तो १२ किंवा १६ पौंड असा नेमका भरतो, पण व्यास कुठल्याच तोफेशी जुळत नाही. वजन आणि व्यास दोन्ही जुळले तरच पुढे जा. एकच जुळला तर तो योगायोग समजा.

आता खरा सापळा. बारा पौंडी तोफेला तीन प्रकारचे गोल गोळे होते. भरीव, दारू भरलेला पोकळ, आणि केस शॉट, म्हणजे आत बंदुकीच्या गोळ्या आणि मधोमध थोडी दारू. पोकळ गोळा ९ पौंडांच्या आतबाहेर असतो, तो हाताला लगेच हलका लागतो. केस शॉटमध्ये ७८ गोळ्या गंधकात किंवा राळेत घट्ट बसवलेल्या असत आणि त्याचं वजन ११ पौंडांच्या पुढे जातं. दीडशे वर्षं गंजून झिजलेला भरीव गोळाही तेवढाच भरू शकतो. म्हणजे ११ पौंडांचा गोळा ‘भरीवच असणार’ म्हणून खुशाल फडताळावर ठेवणं ही या छंदातली सगळ्यात महाग चूक. फ्यूजचं, म्हणजे आतली दारू पेटवणाऱ्या वातीचं, भोक गंजाने बुजलेलं असतं. तिरका उजेड टाकून गोळा हळूहळू फिरवा आणि गोल कडा शोधा. दक्षिणेकडच्या (फुटून निघालेल्या राज्यांच्या) काही केस शॉटना गोळ्या भरण्यासाठी बाजूला आणखी एक भोक असे, तेही लक्षात ठेवा.

उत्तरेच्या (संघराज्याच्या फौजेच्या) गोल गोळ्यांवर बहुधा बोरमान फ्यूज सापडतो. मूळ बेल्जियन रचनेची, शिसं-कथिलाची ही चकती. तिच्यावर सेकंदांचे आकडे कोरलेले, पाव-पाव सेकंदाच्या रेघांसह सव्वापाचपर्यंत, आणि त्यांच्या खाली नालाच्या आकाराच्या खाचेत दाबून भरलेली दारू. तोफची जितक्या सेकंदांनी फोडायचा असेल त्या रेघेवर टोच्याने भोक पाडी. नळीतली आग तिथून आत शिरे. आपल्या हातातल्या चकतीला एखाद्या आकड्याशी टोचा दिसत असेल आणि गोळा अखंड असेल, तर अर्थ सरळ आहे. तो डागला गेला किंवा डागायला तयार केला गेला, पण फुटला नाही. आतली दारू आतच आहे.

रायफल नळीच्या तोफांचे लांबट गोळे ओळखणं जास्त रंजक, आणि आमच्या मते सोपंही, कारण त्यांची सगळी कथा बुडाशी लिहिलेली असते. नळीतल्या पीळदार खाचांत घट्ट बसायला गोळ्याला सॅबो लागे, म्हणजे दाबाने पसरून खाचांत रुतणारा, बहुधा मऊ धातूचा भाग. गोळ्यांची नावं त्यांच्या रचनाकारांची. हॉचकिसच्या गोळ्याचे तीन भाग असतात: पुढचं बिडाचं डोकं, मागची बिडाची वाटी आणि दोन्हींमध्ये शिशाचा पट्टा. दारूचा धक्का बसला की वाटी पुढे सरकून शिसं बाहेर पिळलं जाई. पॅरटच्या गोळ्याच्या बुडाला पितळी किंवा घडीव लोखंडाची कडी असते. शेंकलचा मागचा भाग निमुळता आणि कंगोऱ्यांचा, कारण त्याचा सॅबो कागदी लगद्याचा होता. जमिनीतून निघालेल्या नगावर तो जवळजवळ कधीच उरत नाही, म्हणून ‘काहीतरी तुटलंय’ समजून तो नाकारू नका. दक्षिणेच्या रीड गोळ्यांना तांब्याचा किंवा घडीव लोखंडाचा सॅबो असे. षटकोनी पिळाचा गोळा दिसला तर तो इंग्लंडहून आलेल्या व्हिटवर्थ तोफेचा.

सॅबोवर उमटलेल्या खाचा मोजा. २.९ इंची दहा पौंडी पॅरट तोफेत तीन खाचा, तीन इंची ऑर्डनन्स रायफलमध्ये (हीही तोफच) सात. म्हणजे डागलेल्या गोळ्यावर तो कुठल्या नळीतून गेला याची सही असते. सॅबो शाबूत असून त्यावर एकही खाच नसेल तर गोळा बहुधा डागलेलाच नाही. मग ‘अमक्या टेकडीवरच्या झाडाच्या बुंध्यात रुतलेला काढला’ ही गोष्ट टिकणं कठीण.

जाता जाता एक. दीड इंचाच्या लोखंडी गोळ्या सर्रास ‘ग्रेप शॉट’ म्हणून विकल्या जातात. त्यांतल्या बहुतेक कॅनिस्टरच्या, म्हणजे तोफेतून डागायच्या पत्र्याच्या डब्यातल्या असतात; ग्रेप शॉट हा वेगळा, मोठ्या गोळ्यांचा प्रकार. बारा पौंडीच्या डब्यात अशा २७ गोळ्या लाकडाच्या भुशात रचलेल्या असत. वस्तू खरी, नाव खोटं, आणि भाव नावाचा लावलेला.

आता दुसरा प्रश्न. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जुनी झाली म्हणून निकामी होत नाही. ओली झाली तर पेटत नाही, वाळली की पुन्हा पेटू शकते. नौदलाच्या गोळ्यांचे फ्यूज तर पाणी शिरू नये असेच केलेले होते, त्यामुळे नदीत-खाडीत मिळालेला गोळा ‘भिजून गेला असेल’ असं मानणं धोक्याचं. २००८ साली व्हर्जिनियातल्या चेस्टरला असे गोळे साफ करून देणारा एक जाणता संग्राहक नौदलाच्या ९ इंची गोळ्यावर काम करताना स्फोटात गेला. एक तुकडा पाव मैलावरच्या घराच्या ओसरीवर जाऊन पडला. ऑक्टोबर २०१६ मध्ये मॅथ्यू चक्रीवादळानंतर दक्षिण कॅरोलायनाच्या फॉली बीचवर १६ गोळे उघडे पडले, तेव्हा हवाई दलाचं बॉम्बनाशक पथक आलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये गेटिसबर्गच्या रणभूमीवर लिटल राउंड टॉप टेकडीजवळ सापडलेला पॅरट गोळाही लष्कराने नेऊन नष्ट केला.

निकामी केलेल्या गोळ्याला छिद्र पाडलेलं असतं. पण छिद्र दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. केस शॉटच्या बाजूने घेतलेलं छिद्र राळेत किंवा गंधकातच थांबू शकतं आणि मधली दारू जशीच्या तशी राहते. म्हणून विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: कोणी उघडला, छिद्र दारूच्या पोकळीपर्यंत पोचलं का, आणि ती धुऊन रिकामी केली का. उत्तरं गुळमुळीत आली तर गोळा जिवंत धरा. जिवंत गोळा हलवू नका, गाडीत घालू नका, टपालाने पाठवू नका, तारेच्या ब्रशने घासू नका. लांब व्हा आणि पोलिसांना कळवा. स्वतः ड्रिल लावण्याचा विषय इथेच संपला. अनुभव असलेल्यांचेच त्यात बळी गेले आहेत.

रिकामा किंवा भरीव असल्याची खात्री झालेल्या गोळ्याचा गंज काढायला विद्युत पद्धत चांगली. प्लॅस्टिकच्या बादलीत गॅलनभर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, एकदिश (डीसी) वीजपुरवठ्याचं ऋण टोक गोळ्याला, धन टोक साध्या लोखंडाच्या पत्र्याला. टोकं उलटी लागली तर गोळाच झिजतो. स्टेनलेस पत्रा नको, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. सोड्याऐवजी मीठ नको, क्लोरिन निघतो. हायड्रोजन तर निघतोच, म्हणून उघड्यावर करा. प्रवाह कमी ठेवा आणि आठवडे लागले तरी घाई करू नका. शिशाचा सॅबो असलेला हॉचकिस मात्र या पाण्यात टाकू नका, अल्कलीने शिसं खाल्लं जातं. नंतर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत ठेवून पाणी बदलत राहा. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत पृष्ठभागावर तांबूस थेंब जमले तर आत क्षार उरलेत; पुन्हा बादलीत. कोरडा राहिला की सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात द्या. वाळवायला ओव्हन वापरायचा मोह भरीव गोळ्यापुरताच ठेवा, केस शॉटमधली राळ तापली की पाझरते.

समुद्रातून आलेल्या बिडाचं सगळंच वेगळं. खारं पाणी त्यातलं लोखंड खाऊन मागे ग्राफाइट ठेवतं. आकार शाबूत दिसतो, पण सुरीने कापता येईल इतका मऊ होतो. असा नग हवेत वाळू दिला तर तापू शकतो, तडकतो आणि पापुद्रे सुटतात. तो ओलाच ठेवायचा आणि संवर्धन करणाऱ्याकडे सोपवायचा.

राहिलं खोदकाम. राष्ट्रीय उद्यानातल्या रणभूमीवरून काहीही उचलणं गुन्हा आहे, तिथे मेटल डिटेक्टर चालवणंही. संघराज्याच्या जमिनीसाठी १९७९ चा पुरातत्त्व संपदा संरक्षण कायदा लागतो आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. खासगी जमीन असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या. विकत घेताना तोच कागद विकणाऱ्याकडे मागा, आणि निकामी केल्याच्या नोंदीसोबत, व्यास-वजनाच्या आकड्यांसह, एकाच पाकिटात ठेवा. गोळा पुढे विकाल तेव्हा ते पाकीट त्याच्याबरोबर द्या.