पडद्यामागचा अभिषेक

शनिवार, ६ मे २०२३. रात्री.

म्हटलं, सोन्याची बग्गी बघायची आणि उठायचं. पण ती होती परतीच्या मिरवणुकीत, त्यामुळे लंडनचा पाऊस बघत ब्रिटनच्या चार्ल्स राजांना मुकुट घालण्याचा सगळा सोहळा बसून पाहिला.

चार्ल्स राजे कधीच झाले होते, ८ सप्टेंबर २०२२ ला, आई गेली त्याच क्षणी. आठवे एडवर्ड तर मुकुट न घालताच राजे होते आणि तसेच पायउतारही झाले. युरोपातल्या बाकीच्या राजांनी हा विधी केव्हाच सोडून दिलाय. मग एवढा घाट कशाला, असं मनात चाललेलं असतानाच त्यांच्या अंगावरची भरजरी वस्त्रं उतरवायला सुरुवात झाली. बघता बघता ७४ वर्षांचा एक म्हातारा माणूस साध्या पांढऱ्या सदऱ्यात उभा राहिला. मी हातातला मोबाइल खाली ठेवला.

मग तिन्ही बाजूंनी पडदे आले. दुसऱ्या जॉर्जसाठी १७२७ मध्ये हँडलने बांधलेलं गीत सुरू झालं, आणि आत काय चाललंय ते आम्हाला कोणालाच दिसलं नाही. तेल जेरुसलेमहून आलेलं, तिथे मंतरलेलं. ते ओतायचा चमचा बाराव्या शतकातला. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला, त्यानंतर जुने राजमुकुट वितळवले गेले. चमचा तेवढा विकला गेला म्हणून वाचला. हात, छाती, डोकं, एवढ्याच ठिकाणी तेल लावतात. १९५३ मध्ये चार्ल्सच्या आईच्या, एलिझाबेथ राणीच्या वेळीही कॅमेरे हा भाग टाळून गेले होते. त्या दिवशी चार वर्षांचे चार्ल्स तिथेच, आजी आणि मावशीच्या मधे बसले होते.

आपल्या शब्दात मुकुट नाहीच, हे मला आज पहिल्यांदा जाणवलं. राज्याभिषेक. इतकी वर्षं तो शब्द वापरतेय, पण डोळ्यांपुढे यायचा तो मुकुटच.

तो आला नंतर. दुसऱ्या चार्ल्ससाठी १६६१ मध्ये घडवलेला, सव्वादोन किलोच्या आसपास. (कोहिनूरवरून दिवसभर व्हॉट्सॲपवर भांडणं चालली होती. तो आज तिथे नव्हताच. राणी कॅमिलांच्या मुकुटातही नव्हता.) आर्चबिशपांनी मुकुट डोक्यावर दाबून बसवला, पुन्हा किंचित फिरवला, आणि नीट बसलाय का ते खाली वाकून निरखत राहिले. चार्ल्स मान न हलवता समोर बघत होते.

ज्या खुर्चीवर ते बसले होते ती सातशे वर्षांपूर्वीची. तिच्या लाकडावर शाळकरी पोरांनी आणि पर्यटकांनी चाकूने नावं कोरून ठेवली आहेत. ॲबट नावाचा कोणी एक १८०० सालच्या जुलैत रात्रभर त्यात झोपला होता, हेही त्याने कोरून ठेवलंय.