असाधारण

परदेशात पुढच्या शिक्षणाला प्रवेश घेण्यासाठी जीआरई ही परीक्षा देणाऱ्या मुलांना मी इंग्रजी शब्द शिकवते. शब्द आणि अर्थ पाठ करून घ्यायचे, एवढंच हे काम असेल असं बाहेरून वाटतं. पण २०११ मध्ये परीक्षा बदलली. विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे प्रश्न गेले, आता शब्द वाक्यात किंवा उताऱ्यातच भेटतो. आमच्या धंद्यात मात्र अजून याद्याच खपतात. 'रोज पन्नास शब्द' असं म्हटलं की पालक लगेच पैसे भरतात.

ती मुलगी माझ्या बॅचमधली सगळ्यांत कष्टाळू. यादी कुठूनही विचारा, उत्तर तयार. परीक्षाही छान झाली. मग एका संध्याकाळी तिने विद्यापीठाच्या अर्जासोबत जोडायचा निबंध पाठवला. "उद्या शेवटची तारीख आहे मॅडम, फक्त एकदा नजर टाका. दोन ठिकाणी तर पाठवलाय पण."

तिसऱ्या परिच्छेदात तिने प्रयोगशाळेतल्या आपल्या मार्गदर्शक बाईंबद्दल लिहिलं होतं, फार मनापासून. त्यांचं विद्यार्थ्यांसाठीचं 'एग्रीजियस डेडिकेशन' ती कधी विसरणार नव्हती.

एग्रीजियस म्हणजे डोळ्यांत खुपण्याइतकं वाईट. हा शब्द घोडचुकीला लागतो, नियम धाब्यावर बसवण्याला लागतो, निष्ठेला नाही. स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर, त्यामुळे संगणकाने खाली लाल रेघही ओढली नव्हती.

मी फोन केला. ती म्हणाली, "पण मॅडम, अर्थ 'असाधारण'च आहे ना? तुमच्याच यादीत आहे." आणि तिने पानाचा फोटो पाठवला. मीच टाइप केलेलं पान. शब्दासमोर एकच अर्थ: असाधारण.

तो अर्थ अगदीच खोटा नाही, आणि मला जास्त त्रास त्याचाच होतो. लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप. ग्रिगेरियस, काँग्रिगेशन, सेग्रिगेट हे सगळे त्याच घरातले. एग्रीजियस म्हणजे कळपातून उठून दिसणारा. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत तो कौतुकानेही वापरत. पुढे, बहुधा उपरोधाने वापरून वापरून, त्याचा वाईट अर्थच उरला. जुन्या कुठल्या तरी यादीतून मी तो शब्द उचलला, मुळाशी जुळणारा अर्थ लिहिला आणि पुढे गेले.

फोनवर तिला हे सांगताना मला मराठीच आठवली. "'काय दिवे लावलेस' असं आई म्हणते तेव्हा घरात उजेड पडलेला असतो का गं?" ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी बाईंना तसं म्हटलंय?"

त्या रात्री निबंध दुरुस्त केला. पाठवलेल्या दोन ठिकाणांपैकी एका ठिकाणी दुरुस्ती पाठवायची सोय होती. दुसऱ्या ठिकाणी अर्ज एकदा गेला की गेला.

शब्द कसे शिकवावेत हे मला माहीत नव्हतं असंही नाही. कार्डाच्या पुढच्या बाजूला रिकामी जागा असलेलं वाक्य, मागे शब्द. अर्थ आपल्या शब्दांत, आणि शेजारी हा शब्द कोणाच्या संगतीत फिरतो त्याची दोन उदाहरणं. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर निसटतं, म्हणून कार्ड दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग दहाव्या दिवशी पुन्हा हातात घ्यायचं. सारखे दिसणारे किंवा जवळच्या अर्थाचे शब्द एकाच दिवशी द्यायचे नाहीत, ते एकमेकांत मिसळतात. माझ्या वर्गात हे सगळं होतं. पण ते दिवसाला दहा-बारा शब्दांपुरतं, आणि उरलेल्या शब्दांसाठी यादी.

ती यादी मी आता पहिल्या पानापासून तपासते आहे. 'सँक्शन' समोर नुसतं 'मंजुरी'. पण एखाद्या देशावर सँक्शन्स लादतात तेव्हा ते निर्बंध असतात. 'डिसइंटरेस्टेड' समोर 'रस नसलेला'. हाही अर्थ चालतो, पण परीक्षेच्या उताऱ्यात बहुतेकदा 'निःपक्षपाती' असतो, आणि तिथे 'रस नसलेला' घेतला तर न्यायाधीशाबद्दलचं वाक्य उलटंपालटं होतं. 'एनर्व्हेट' समोर चक्क 'उत्तेजित करणे' सापडलं. तो शब्द नेमका उलट, गळून जायला लावणारा. अंगात ऊर्जा भरल्यासारखा ऐकू येतो म्हणून फसवतो, आणि त्याने मलाच फसवलं होतं. 'नॉइसम'चा आवाजाशी संबंध नाही, त्याला दुर्गंधी येते, एवढं तरी मी बरोबर लिहिलं होतं.

जुन्या बॅचच्या मुलांकडे याच पानांच्या झेरॉक्स आहेत. कोणी पुढच्या भावंडाला दिल्या असतील. ज्यांचे नंबर आहेत त्यांना चुकीच्या शब्दांची दुरुस्ती पाठवायला सुरुवात केली आहे, पण सगळ्यांचे नाहीत.

तिने परवा नवीन कार्डाचा फोटो पाठवला. पुढे घोडचुकीचं इंग्रजी वाक्य, मधे रिकामी जागा. मागे एग्रीजियस, आणि त्याखाली तिच्या अक्षरात: काय दिवे लावलेस!

दुसऱ्या विद्यापीठाचं उत्तर अजून आलेलं नाही.