नवस आत्यांचा, पाय माझे

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. कोजागिरी जवळ आली की कुणी ना कुणी विचारतंच, "तुमचा नवस तर फळला नाही, मग सोलापूरहून तुळजापूरला चालत जाता कशाला?" ऑफिसात विचारतात, भिशीत विचारतात, एकदा तर रिक्षावाल्यानं विचारलं. दुसरा प्रश्न तोंडावर कुणी काढत नाही, पण मला तो दिसतो: नवरा गेलेली बाई ही गोष्ट हसत कशी सांगते?

आत्यांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, नवसाची पद्धत अशी की बोलायच्या त्या आणि फेडायचं दुसऱ्यानं. माझं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून वर्षभर तंबाखूचा मावा सुटला तो माझ्या नवऱ्याचा. नणंदेचं लग्न जमावं म्हणून चहा बंद झाला तो सासऱ्यांचा. सासरे म्हणायचे, "हिचं देवाकडं सगळं उधारीवर, अन् जामीन आम्ही." आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. उजनी धरण भरलं म्हणून बातमी येते, बॅरल मात्र रिकामंच. अशा दिवशी आत्या देवघरापुढं बसून सांगायच्या, "आज नुसतं पुसून घेते बघा, परवा डोक्यावरनं घालते." दूधवाल्याशी ज्या आवाजात बोलायच्या, त्याच आवाजात.

लग्न होऊन आले तेव्हा हे सगळं मी जरा वरूनच बघायची. बी.एस्सी. झालेली, तोंडात सदा 'अंधश्रद्धा'. ती मुलगी अजून माझ्यात आहे, आणि तिचं म्हणणं मला आजवर खोडता आलेलं नाही.

यांच्या डोक्यात रक्तस्राव झाला तो गणपती उठल्यानंतर, भाद्रपदात. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर आत्यांनी पदर पसरला आणि मला न विचारता बोलून टाकलं, "आई भवानी, माझं लेकरू उठू दे, सून कोजागिरीला चालत येईल." मी रडत होते, तरी तोंडातून गेलंच, "आत्या, माझ्या गुडघ्यांना तरी विचारायचं." त्या हसल्या, मी हसले. समोरच्या पेशंटची माणसं आमच्याकडं बघत राहिली. आत यांना ऐकू गेलं असतं तर सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले असते.

भाद्रपद वद्य दशमीला ते गेले.

तुळजापूरचा परिपाठ ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या लक्षात येईल. देवीची मूर्ती चल आहे. भाद्रपद वद्य अष्टमीला तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात, ती उठते घटस्थापनेला. नवरात्रात महिषासुराशी लढून दमते म्हणून दसऱ्यानंतर पुन्हा निजते, ती पौर्णिमेपर्यंत. तेराव्याला जमलेल्या बायकांत कुणीतरी "देवीची इच्छा" म्हणाली, तशा आत्या ताडकन म्हणाल्या, "कशाची इच्छा? झोपली होती ती." कुणाला काय बोलावं सुचेना. मला मात्र त्या दिवसभरात तेवढं एकच वाक्य खरं वाटलं. देव नाही असं म्हणायची माझी तयारी होती. पण आहे आणि झोपला होता, हे माझ्या बी.एस्सी.ला सुचलं नसतं.

वर्षभर देवळाची पायरी चढलो नाही. वर्षश्राद्ध झालं आणि आत्यांनी फर्मान काढलं, "कोजागिरीला निघायचं." मी भडकले. "कुठला नवस फेडायचाय? माणूस कुठंय?" त्या म्हणाल्या, "फेडायला कोण चाललंय गं? विचारायला चाललोय. आता उठलेली असंल." नवसात पाय फक्त माझे होते, पण मी नीट विचारणार नाही अशी त्यांची खात्री. म्हणून सुजलेले गुडघे घेऊन त्याही निघाल्या.

संध्याकाळी सोलापुरातल्या रूपाभवानीच्या देवळापासून सुरुवात केली. पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. त्या रात्री वाहनं दुसरीकडनं वळवतात, रस्ताभर माणसंच माणसं, निम्मी कर्नाटकातली. कुणी केळी देतंय, कुणी चहा, कुणी अनोळखी माणसाच्या पायाला तेल चोळतंय. आणि आत्यांची उजळणी चाललेली. उळ्यापर्यंत देवी "आईसाहेब" होती, तामलवाडी येईस्तोवर "अगं ए" झाली. पहिलं विचारणार, निजायची एवढी घाई काय होती. दुसरं, सोन्यासारखा लेक नेताना म्हातारी दिसली नाही का. शेजारून चालणाऱ्या एका कन्नड बाईनं विचारलं, या काय म्हणतायत? आत्यांनी सगळं पुन्हा कानडीत सांगितलं, दुप्पट तिखट करून. त्या बाईनं डोळे पुसले आणि आत्यांच्या हातात दोन केळी दिली.

पहाटे रांगेला लागलो. चढलेलं ऊन खांद्यावर घेत आत पोचलो. गाभाऱ्यात मिळून मिळणार किती वेळ, श्वास दोन श्वास. मागून रेटा, पुढून "चला, चला". आत्यांनी देवीकडं पाहिलं, हात जोडले आणि घाईघाईनं म्हणाल्या, "नातवाला दहावीला ऐंशी टक्के पडू दे गं आई, गणित कच्चं हाय त्याचं."

आणि आम्ही बाहेर.

ओवरीत येऊन त्या खांबाला टेकल्या. मग कपाळावर हात मारला. "अगं, विसरलेच की!" मला हसू फुटलं ते थांबेचना. हसता हसता कधी हुंदके सुरू झाले कळलं नाही. वर्षभर न आलेलं रडं तिथं आलं. आत्या पाठीवर थापट्या मारत होत्या आणि स्वतःही हसत होत्या. धाप लागली समजून कुणीतरी पाण्याची बाटली पुढं केली. पुन्हा रांगेत उभं राहायचं त्राण दोघींतही नव्हतं. "पुढच्या वर्षी विचारू," त्या म्हणाल्या.

हे झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. म्हणजे मी भिशीत देते ते. खरं असलं तरी पुरतं नव्हे. कोजागिरीच्या रात्री गच्चीवर आटीव दूध करायचं काम यांचं असायचं, त्या रात्री मला घरात थांबवत नाही, हेही आहे. सवय आहे. पायांना फोड आले की डोकं थोडा वेळ गप्प बसतं, हेही. श्रद्धा आहे का? पोराला ऐंशीच्या वर टक्के पडले, तेव्हा सगळे म्हणाले, बघा, ऐकलं देवीनं. आत्या आठवडाभर गप्प होत्या. टक्क्यांचं ऐकू येतं, मग ते कसं ऐकू आलं नाही? माझ्यातली ती बी.एस्सी. मुलगी म्हणते, म्हणजे ऐकणारं कुणी नाहीच, बाई. असेल. पण मग तामलवाडीच्या पुढं मी कुणाशी बोलत असते, याला तिच्याकडंही उत्तर नाही.

आणि हसते म्हणून ज्यांना राग येतो त्यांनी आमच्या घरी चार दिवस राहून बघावं. त्याच तोंडानं आम्ही रडलोय.

आता आत्यांना चालवत नाही. निघताना त्या प्रश्न पुन्हा पढवतात, वर दोन-चार नवी कामं सांगतात. गेल्या खेपेला गाभाऱ्यात पोचले, देवीकडं पाहिलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "पाण्याचं बघ जरा."

घरी आल्यावर आत्यांनी विचारलं, "विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"गर्दी होती फार."

"असायचीच," आत्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी जरा लवकर नीघ."